फिलू, तुझी लोंबी अजून दारावर आहे

फिलू,

परवा तुला शिवडीच्या सिमेट्रीत पोचवून घरी आले, तेव्हा माझ्या दादरच्या दारावर तुझी लोंबी हलत होती. गेल्या दसऱ्याला तूच पाठवलेली. आंब्याचं पान कधीच गळून गेलंय, कुरडूच्या फुलांचा भुगा झालाय, निम्मे दाणे चिमण्यांनी नेलेत. काठीने ती खाली ओढून उरलेल्या एका दाण्याचं टोक मी डोळ्याजवळ धरून पाहिलं. सवय, दुसरं काय. जांभळा रंग विटून तपकिरी झालाय, पण माहीत असलेल्या माणसाला कळतो. आणि माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच उरले, हे मला मुळीच आवडलेलं नाही.

चर्चमध्ये फादर म्हणाले, फिलोमिनाबाई फार शांत, समंजस होत्या. मी रुमाल तोंडाला लावला. लोकांना वाटलं, म्हातारीला हुंदका आला. तू आणि समंजस! तू किती वर्षं शिकवलंस, किती मुली तुझ्या हाताखालून गेल्या, हे सगळं ते सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तुझ्या खोताच्या वाडीतल्या अंगणातले रॉकेलचे अर्धे कापलेले डबे होते, आणि त्यात गुडघ्याएवढं भात.

तेव्हा आपण दोघी वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करत होतो. तू गिरगावची, मी लालबागची. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, घर एका खोलीचं, आणि आख्ख्या चाळीत कॉलेजात जाणारी मुलगी मी एकटीच. त्यामुळे माझे पाय जमिनीला कमी लागायचे. तेव्हाची ती शालिनी मला आज भेटली ना, तर मी तिला आधी माझे पाय चेपायला बसवीन आणि मग तिचं म्हणणं ऐकीन, तेही अर्धंच. नाकावर चष्मा, पदर कमरेला घट्ट, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘मुळात’. तू तिला कसं सहन केलंस, हे तुला विचारायचं राहूनच गेलं.

आपल्या सरांनी दोन भातांचा संकर केला होता. एक तुझ्या आईच्या माहेरचं, उत्तनचं. दाण्याच्या टोकाला जांभळा ठिपका, चवीला गोड, पण गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं. दुसरं तळकोकणातलं हळवं, लवकर हाताशी येणारं, फिक्या टोकाचं. पाऊस लवकर आटोपला की उत्तनचं गरवं भात ऐन पोटरीत, लोंबी अजून पोटात असताना, तहानायचं, दाणा भरायचाच नाही. असं झालं की तुझ्या मामाच्या वाट्याला नुसता पेंढा. त्याला लवकर येणारं बियाणं द्यायला माणसं तयार होती, पण फिक्या टोकाचं. उत्तनच्या बायका ते तळहातावर घेऊन बघायच्या आणि म्हणायच्या, हे आमचं नव्हे. चव काही टोकात नसते, हे तू त्यांना सांगून पाहिलंस, आणि मग शहाणपणाने गप्प बसलीस. तुला मामासाठी जांभळ्या टोकाचं हळवं भात हवं होतं. बाकी परीक्षा, पदवी, सगळं तुझ्या लेखी त्याच्या मागून.

पण असं भात निघू शकतं का, हाच तर प्रश्न होता. संकराची दुसरी पिढी, म्हणजे त्या दोन भातांची नातवंडं म्हण, बहुतेक आजी-आजोबांवरच जायची. जांभळी ती उशिरा, फिकी ती लवकर. सर म्हणाले, याचे दोन अर्थ होतात. एकच गोष्ट ही दोन्ही कामं करत असेल, तर ती जन्मात सुटी व्हायची नाहीत. किंवा गोष्टी दोन असतील, पण एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेल्या. मग त्या एकत्र फिरतात, आणि कधीतरी एखाद्या झाडात सुटतात. किती वेळा सुटतात हे मोजलं की दोघींच्या घरांमधलं अंतर कळतं. अशी अंतरं जुळवत गेलं की, न बघितलेल्या वाडीचा नकाशा काढता येतो.

तुला ही वाडी लगेच पटली, कारण तू वाडीतच वाढलेली. म्हणालीस, “शेजार आहे गं हा, लग्न नाही.”

मी म्हटलं, लग्नच. आणि तेही गाठ पक्की.

आता हसू येतं, पण तेव्हा मला काहीच कशापासून सुटलेलं चालत नव्हतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र! सकाळी प्रभातफेरीत, संध्याकाळी सभेत, मधल्या वेळात गल्लीत. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी होऊ शकत नाही, हे इतक्या वेळा ओरडून सांगितलं होतं की भाताच्या झाडाकडे बघतानाही माझी मूठ वळलेलीच असायची. तू ते बरोबर ओळखलंस. एकदा डब्यांना पाणी घालता घालता म्हणालीस, “शाले, ह्या भाताला मोर्चात नको नेऊस. त्याला त्याचं सांगू दे.” मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मुळात मला राग फार पटकन यायचा.

कॉलेजच्या बागेत जागा नव्हती, म्हणून डबे तुझ्या अंगणात आले. कामाची वाटणी ठरलेली. जे झाड लवकर निसवेल, म्हणजे लोंबी बाहेर काढेल, त्याच्या काडीला तू लाल दोरा बांधायचा. दाण्याच्या टोकाचा रंग भिंगातून बघायचा तो मात्र दोघींनी, एकीनंतर दुसरीने, आणि दोघींचं जुळलं तरच लिहायचं. हा सरांचा नियम. एका माणसाचे डोळे त्याला हवं ते बघतात, म्हणायचे. आपण तो नियम इतका मुरवला की पुढे माझ्यासाठी आलेल्या स्थळालासुद्धा तुझे डोळे लागले. तू भिंग मागितलंस, ते माझा नवरा मरेपर्यंत विसरला नाही.

त्या आश्विनात मी तुझ्या अंगणात फिरकलेच नाही. सभा, पत्रकं, घसा बसलेला. तू लालबागला दोनदा निरोप धाडलास, की ये, लाल दोऱ्याची दोन झाडं जांभळी दिसतायत. मी उलट निरोप दिला की मोर्चा झाला की येते. झाडं कुठे पळून जातायत?

पळाली नाहीत. तुझ्या आईने उपटली.

नातालबाय उत्तनच्या शेतावर वाढलेली. आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, पहिली पिकली लोंबी चर्चमध्ये न्यायची, फादर तिच्यावर मंत्राचं पाणी शिंपडतात, मग ती सगळ्यांना वाटायची. लग्न होऊन गिरगावात आल्यापासून तिला ही लोंबी कुणाकडून तरी मागून आणावी लागे. त्या वर्षी तिच्या स्वतःच्या अंगणात भात सोन्यासारखं पिकलेलं. त्यातून तिने निवडली कुठली, तर नेमकी ती दोन झाडं. कारण जांभळा म्हणजे बिशपच्या झग्याचा रंग. देवाला शोभेल असं तेच. रिकाम्या डब्यांत तिने लगेच नाताळासाठी झिनियाची रोपं लावून टाकली.

मी आले तेव्हा तू पायरीवर बसली होतीस, हातात लाल दोऱ्याचे दोन तुकडे. आणि नातालबाय आतून विचारत होती, “माजे अंगणान भात पिकलाय, न आगेऱ्याला लोंबी मी बाजारातशी आणू?” तिचं काय चुकलं, हे मला आजही सांगता यायचं नाही. माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. आपल्याकडे दसऱ्याला नवं बांधतातच की दाराला.

तू म्हणालीस, दोन्ही झाडं हळवी होती आणि जांभळ्या टोकाची होती, मी पाहिलीत. आणि मी, चष्मा सावरून, त्या काळातला माझा सगळ्यात भिकार सूर लावून म्हटलं, तू पाहिलीस, मी नाही पाहिली. तू म्हणालीस, फिक्या टोकाचीही एक-दोन उशिरा निसवतायत, ती तरी बघ. मी बघितली. ती भिंतीच्या सावलीत होती. सावलीतलं झाड रेंगाळतंच, म्हणून ती मोडीत. उशिराला सतरा कारणं असतात, लवकर यायला मात्र अंगातच असावं लागतं. इथवर मी बरोबर होते, बरं का. हे मी आजही सोडणार नाही.

“म्हणजे मी खोटं बोलते?” तू विचारलंस.

“खोटं नाही. उतावीळ.”

सरांकडे गेलो. ते तुझ्याशी मायेने बोलले. म्हणाले, माझा तुझ्यावर विश्वास आहे फिलोमिना, पण विश्वासाला आपल्या तक्त्यात रकाना नाही. काम या हंगामाबरोबर संपवायचं होतं. तक्ता जसा होता तसा गेला असता तर त्याखाली एवढंच लिहिलं गेलं असतं की ही दोन लक्षणं सुटी होत नाहीत. मग जांभळ्या टोकाच्या हळव्या भातामागे कोण कशाला लागेल? तुझा मामा पेंढ्यावर राहिला असता.  जिना उतरताना मी बोलतच होते. नियमाचं महत्त्व समजावत होते तुला. मला कुणीतरी तिथेच एक थोबाडीत द्यायला हवी होती.

त्यानंतर आपलं बोलणं बंद. आणि मग गोळीबार झाला.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनी लिहावं. मी मोर्चात होते, धावताना माझी चप्पल आणि चष्मा दोन्ही गेलं, आणि कुठल्याशा अनोळखी बाईने मला तिच्या घरात ओढून घेतलं, म्हणून परत आले. मग संचारबंदी. चाळीत कुणी मोठ्याने बोलेना. आई मला गॅलरीतही उभी राहू देईना. चष्म्याशिवाय मी म्हणजे वटवाघूळ, त्यामुळे मला समोरच्या गिरणीची चिमणीही दिसत नव्हती.

संचारबंदी थोडा वेळ उठली आणि तू आलीस. गिरगावहून लालबागपर्यंत चालत. ट्राम बंद, टॅक्सी बंद. कुणीतरी तुला सांगितलं होतं की शालिनी मोर्चात पुढे होती आणि मग दिसली नाही. वाटेत दोनदा तुला पोलिसांनी हटकलं, आणि एकदा आपल्याच पोरांनी, की बाई तुम्ही कुठल्या, कोणाच्या बाजूच्या? तू त्यांना काय सांगितलंस ते मला नंतर कळलं. म्हणालीस, मी बाजूची नाही, इथलीच आहे, माझी मैत्रीण मेली का बघायला चाललेय, सरका.

मी दारात आले. तुझा झगा धुळीने भरलेला, चेहरा लाल. तुझा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण तू रडत असावीस. तू तोंड उघडलंस. मला वाटलं, आता गळ्यात पडणार. तुझी नजर वर गेली, दाराच्या चौकटीवर, आणि तू तोंड मिटलंस.

“स्टूल आण,” तू म्हणालीस.

एवढं चालून आलेली बाई. कशी आहेस नाही, लागलं का नाही. स्टूल आण!

वर दसऱ्याचं नवं बांधलेलं होतं. आंब्याचं पान, कुरडू, आणि भाताची एक लोंबी. आई दसऱ्याआधी गिरगावात माझ्या मावशीकडे गेली होती, येताना तुझ्या आईकडे डोकावली. नातालबायने चर्चमधून आणलेल्या लोंब्यांतली एक तिच्या हातात ठेवली, की घ्या, तुमच्या दाराला होईल. दोघी जणी खूष. ती लोंबी महिनाभर माझ्या डोक्यावर लटकत होती. मी तिच्याखालून जात होते, येत होते, घोषणा देत होते, चष्मा होता तेव्हाही वर बघितलं नाही. सगळ्या मुंबईत जे झाड सापडत नाही म्हणून मी तुला उतावीळ ठरवलं, ते माझ्याच घरच्या दारावर होतं.

तू स्टुलावर चढून हात न लावता पाहिलंस आणि मला वर बोलावलंस. चष्मा नाही, म्हणून तुझं भिंग घेतलं. टोकं जांभळी होती. आणि दसऱ्याला पिकून दारावर चढली म्हणजे हळवीच, त्याला वेगळा दोरा नको. गरवं भात तेव्हा कुठे हिरवं निसवत होतं. एका स्टुलावर दोघी, एकमेकींना धरून. खाली शेजारणी जमल्या. त्यांना वाटलं, पोरी गोळीबाराच्या धसक्याने वेड्या झाल्या.

मी लोंबीला हात घातला आणि आईने काठी आपटली.

“दसऱ्याचा नवा पुढच्या दसऱ्याआधी काढूचा नाय.”

मी लगेच सुरू झाले. आई, हे विज्ञान आहे, मुळात हे... तू माझ्या पायावर पाय दिलास. खाली उतरलीस, डोक्यावर रुमाल घेतलास, चर्चमध्ये घेतात तसा, आणि आईच्या समोर जमिनीवर बसलीस. तिला मामाच्या शेताचं सगळं सांगितलंस. न भरलेल्या लोंब्या, पेंढा, उत्तनच्या बायका, त्यांचं ‘हे आमचं नव्हे’. गुणसूत्राचा एक शब्द नाही. आई कोकणातली, न भरलेली लोंबी म्हणजे काय, हे तिला समजवायला नको होतं.  ती उठली, हात धुतले, दाराला नमस्कार केला.

“अर्धे दाणे घे,” ती म्हणाली. “अर्धे दारार रवांदेत.”

तिने स्वतःच्या हाताने काढून दिले. एक एक.

तुला आठवतंय ना, पुढचा हंगाम? सरांनी आपल्याला आणखी एक पावसाळा दिला. दाणे थोडे, त्यांतले काही रुजलेच नाहीत, आणि नातालबायला अंगणात एकटीने जायची बंदी. तिने ती पाळली. उलट डब्यांवर फाटका झगा टांगून पाखरं राखत बसली. सगळी रोपं लवकर निसवली, एकही मागे राहिलं नाही. आणि टोकं बरीचशी जांभळी, थोडी फिकी. म्हणजे उशीर कायमचा गेला, जांभळं राहिलं, आणि रंग आपल्या वाटेने फिरू लागला. दोन गोष्टी होत्या. शेजारीच होत्या, पण दोन होत्या. आपण दोघींनी आळीपाळीने भिंगातून पाहिलं. सरांनी लिहिलं. तू माझ्याकडे वळलीस आणि हात कमरेवर ठेवून म्हणालीस, “आता म्हण. मान्य.”

ती शालिनी काय म्हणाली, आठवतंय?

“एका झाडाने काही सिद्ध होत नाही.”

तू इतकी हसलीस की डबा लवंडला.

मग ते चालूच राहिलं. तू त्या वाणाचा एक डबा दर वर्षी लावायचीस. दसरा जवळ आला की लोंबी माझ्या दारी, सोबत एकच प्रश्न, मान्य? आणि माझं एकच उत्तर. लग्न होऊन मी दादरला आले, तिथेही लोंबी आली. मुलं झाली, तुझे केस पिकले, माझे गेले, लोंबी चुकली नाही. महाराष्ट्र झाला त्या रात्री गिरगावात रोषणाई होती. तू माझ्या तोंडात पेढा कोंबलास आणि म्हणालीस, तुझी मुंबई सुटली नाही आणि माझा जांभळा ठिपका सुटला, दोघी जिंकलो, आता तरी म्हण. माझं तोंड पेढ्याने भरलेलं होतं, त्याचा मी फायदा घेतला.

तुझ्या मामाने ते भात उत्तनला लावलं. बायकांनी तळहातावर घेऊन बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. तू म्हणालीस, न बोलणं म्हणजे पास. पुढे मामाही गेला आणि त्या शेतात बंगले आले. तू त्याबद्दल कधी तक्रार केली नाहीस. मी केली, तुझ्या वतीने, नेहमीसारखी मोठ्या आवाजात.

आणि माझ्या नातीने तिच्या लॅपटॉपवर भाताचा नकाशा दाखवला तो दिवस! आता म्हणे फुलायची, पिकायची वाट बघावीच लागत नाही, पानाचा एक तुकडा पुरतो. उभ्या काड्या, त्यांवर बारीक बारीक आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेला नाव. आपण जी वाडी न बघता चाचपडत होतो, तिचा घरन् घर पत्ता. तू पडद्याला जवळजवळ नाक लावलंस. बोट ठेवून म्हणालीस, बघ, दोन रेघा, मधे जागा आहे. मी म्हटलं, चित्र काय, कुणीही काढेल. नात माझ्याकडे अशी बघत राहिली जणू माझा फ्यूज उडालाय. तू मात्र तिचा हात थोपटलास. म्हणालीस, राहू दे बाळा, आजीचं चालू आहे.

माझं काय चालू आहे, हे तुला कळलं होतं का गं?

मला फार वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, मी नुसती खोडी काढते. पण ‘मान्य’ म्हटलं की वाद संपला असता, आणि वाद संपला की लोंबी कशाला आली असती? तू पाठवली असतीस म्हणा. तुझा स्वभाव तसा. पण मला जोखीम घ्यायची नव्हती.

या उन्हाळ्यात तू अंथरुणाला खिळलीस. मी यायचे, पलंगाशी बसायचे, तू डोळे मिटून असायचीस. एका दुपारी डोळे न उघडताच म्हणालीस, “शाले, आता तरी.” तुझा आवाज फार बारीक झाला होता. माझ्या ओठावर आलं होतं, फिलू. शप्पथ. आणि मी म्हटलं, “बरी हो, मग सांगते.” मला वाटलं, उत्तर अडवून धरलं तर तू थांबशील. बाईमाणूस भांडण अर्धं टाकून जात नाही, असा माझा हिशेब. माझे हिशेब कसे असतात, ते तुला माहीत आहेच.

परवा तुझ्या हॉलमध्ये तुला ठेवलं होतं. लोक मेणबत्त्या लावत होते, प्रार्थना चालू होती. मी काठी टेकत टेकत पुढे गेले. म्हातारीला कुणी अडवत नाही, एवढा एक फायदा. वाकले, तुझ्या कानाशी गेले आणि म्हटलं. एकच शब्द. तो म्हणायला इतका सोपा असेल असं वाटलं नव्हतं. आणि मग मला उठताच येईना.

तुझ्या अनिताने मला धरून उभं केलं. तिने ऐकलं होतं. डोळे सुजलेले, पण ओठ तुझ्यासारखेच एका बाजूला वळलेले. म्हणाली, “मावशी, मम्मीने सांगून ठेवलं होतं. शालू मान्य म्हणणार, पण मी गेल्यावर. मग तिला माझा निरोप दे.”

मी म्हटलं, काय निरोप?

“एकदा म्हटल्याने काही सिद्ध होत नाही. दर दसऱ्याला म्हणायचं.”

मी हसले, फिलू. तुझ्या उशाशी, मेणबत्त्यांच्या मध्ये, फादर बघत असताना. आणि मग जे रडले ते अनिताला विचार. घरी येईपर्यंत तुझा डाव माझ्या लक्षात आला नव्हता. जिना चढताना आला. दर दसऱ्याला म्हणायचं म्हणजे दर दसऱ्याला इथे असायला हवं. मी तुला थांबवायला उत्तर अडवून धरलं, आणि तू मला थांबवायला ते पुन्हा पुन्हा मागून ठेवलंस. तुझं अंतर नेहमीच माझ्यापेक्षा बरोबर निघायचं.

अनिताने काल डबा आणून दिला. तुझा, झाकणाशी गंजलेला. अंथरुणावरून तिला सांगून सांगून तू या वर्षीही भात लावून घेतलंस, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही तो माझ्या गॅलरीत उन्हाला ठेवला. नात म्हणाली, आजी, पानाचा तुकडा दे, तपासून आणते. मी तिला हात लावू दिला नाही.

आज सकाळी ते निसवलं. मी तुझं भिंग घेऊन खाली बसले, आता उठायला कुणाला तरी बोलवावं लागेल. टोक जांभळं आहे. पण दोघींनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरलंय आपलं.

मी पाहिलं. आता तू बघ, मग लिहिते.